शिक्षकांना लस आधी मिळावी का? सही करण्यापूर्वी निवेदनात हे बदल करून घ्या

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातील निम्मी कुटुंबे ऊसतोडीला जातात. आमच्या तालुक्यातील शिक्षक संघटनेने एक निवेदन तयार केले आहे. पुढे कधी कोरोनासारखी महामारी आली, तर शिक्षकांना आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने पहिल्याच टप्प्यात लस द्यावी, अशी त्यात मागणी आहे आणि प्रत्येक शिक्षकाची सही घेणे सुरू आहे. माझा हात सहीला धजत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वेक्षणाच्या ड्युटीमुळे माझे नाव तहसीलच्या यादीत गेले आणि चाळिशीतच मला लस मिळाली. सासूबाई ६७ वर्षांच्या होत्या. मार्चमध्ये त्यांची पाळी आली, तरी आरोग्य केंद्रावर खेटे घालून लस मिळेपर्यंत एप्रिल उजाडला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी ५२ वर्षांच्या. त्यांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. मार्चअखेर त्या आजारी पडल्या आणि कशाबशा वाचल्या, पण पुढे दोन वर्षे त्यांना भरलेले पातेले उचलवत नव्हते. माझे दीर शेती करतात. ते म्हणतात, ‘वहिनी, तुमची लस पगारासोबतच येते.’ इकडे सहकारी म्हणतात, सही केली नाही तर तुम्ही संघटनेच्या विरोधात आहात असाच अर्थ निघेल. मी काय करावे?
– एक शिक्षिका

उत्तर :

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देते. आज जो मसुदा तुमच्यापुढे ठेवला आहे, त्यावर सही करू नका. मात्र सही नाकारून गप्पही बसू नका. मसुद्यात काही बदल सुचवा, ते का हवेत हे बैठकीत उभे राहून सांगा, आणि बदल मान्य झाले तर पहिली सही तुमची असू द्या. महामारीत शिक्षकांना लसीकरणात प्राधान्य मिळावे असे माझेही ठाम मत आहे. परंतु ते प्राधान्य शिक्षक या पदाला मिळू नये. शाळा उघडी राहण्याची गरज आणि शिक्षकावर सोपवलेले प्रत्यक्ष काम यांच्याशी ते जोडलेले असावे, आणि म्हाताऱ्या व आजारी माणसांना ओलांडून तर ते मुळीच मिळू नये. तुमच्या संघटनेने हे दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळले आहे, म्हणून तुमचा हात अडखळतो आहे, आणि तो अडखळतो हे योग्यच आहे.

आधी तुमच्या मनातील टोचणीबद्दल बोलू. फेब्रुवारीत तुम्ही घेतलेला डोस सासूबाईंच्या किंवा मावशींच्या वाट्याचा नव्हता. देशात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. २ फेब्रुवारीपासून पोलीस, महसूल आणि सफाई कर्मचाऱ्यांसारखे आघाडीवर काम करणारे लोक त्यात आले. १ मार्चपासून साठी ओलांडलेले सर्व जण आणि ठरावीक सहव्याधी असलेले ४५ ते ५९ वयाचे लोक, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सरसकट सगळे, आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सगळे, असा तो क्रम होता. तुम्ही अनोळखी घरांच्या उंबरठ्यावर उभ्या राहून तापाची चौकशी करत होतात आणि बोटाला ऑक्सिमीटर लावत होतात. ते काम करणाऱ्या माणसाला लस देणे हा मेहेरबानीचा भाग नव्हता. मावशी ५२ वर्षांच्या असूनही मार्चमध्ये त्यांचा क्रमांक लागला नाही, कारण त्या वयाला तेव्हा सहव्याधीची अट होती आणि ‘शाळेत रोज काम करणारी व्यक्ती’ असा रकानाच कोणाच्या यादीत नव्हता. यात चूक यादीची आहे, तुमची नाही. म्हणूनच ती यादी पुढच्या वेळी कशी असावी, यावर तुम्ही बोलायला हवे.

सासूबाईंचे प्रकरण थोडे वेगळे आहे. त्यांचा क्रम कागदावर वरचा होता, तरी त्यांना खेटे का घालावे लागले? कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस असत आणि कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे. उरलेले डोस टाकून द्यावे लागत. वाया गेलेल्या डोसचा हिशेब वर द्यावा लागे, त्यामुळे अनेक ठिकाणी दहा माणसे जमल्याशिवाय सिस्टर कुपी उघडत नसत. त्या काळात मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर नोंदणीला मदत करत होते. सकाळी सहा-सात म्हातारी माणसे भिंतीच्या सावलीला येऊन बसत. ऊन चढले, सावली आखडली, की त्यातली दोघे-तिघे उठून गावाकडे चालू लागत. दुपारी आणखी दोघे येत, आणि असे करता करता दहाचा आकडा काही जमत नसे. कधी दुपारी कुपी उघडली जाई आणि केंद्र बंद होण्याच्या वेळी तीन-चार डोस उरत. मग सिस्टर वहीतले नंबर काढून फोन लावत. तो फोन लागे तो ज्याचा नंबर वहीत आहे, ज्याच्या दारात मोटारसायकल आहे आणि जो पंधरा-वीस मिनिटांत केंद्रावर येऊ शकतो, त्यालाच. डोंगरपट्ट्यातील वस्तीवर राहणाऱ्या आणि फोन नातवाच्या हाती असलेल्या आजीला तो फोन जाणे शक्यच नव्हते. पुढे मे महिन्यात १८ वर्षांवरील लोकांचे बुकिंग ऑनलाइन झाले, तेव्हा तर शहरातील तरुण खेड्यांतल्या केंद्रांचे स्लॉट मिळवून गाडीने येऊ लागले आणि गावातील माणसे दारात उभी राहून पाहत राहिली. प्राधान्य यादीत लिहून मिळते, पण ते हाती पडायचे तर वाहन, फोन आणि मोकळा दिवस लागतो. पगारदार माणसाकडे हे तिन्ही बहुधा असते. शिक्षकांनी आपल्यासाठी मागणी करताना ही गोष्ट विसरू नये, कारण यादीत आपण म्हाताऱ्यांच्या बरोबरीने आलो, तरी प्रत्यक्षात त्यांच्या पुढेच पोहोचणार आहोत.

आता मूळ मुद्दा. कोरोनात मृत्यूचा धोका सर्वांत जास्त ठरवला तो वयाने. महामारीच्या पहिल्या वर्षात मुख्यतः श्रीमंत देशांतील आकड्यांवरून जे अंदाज काढले गेले, त्यांनुसार बाधा झालेल्या २५ वर्षांच्या दहा हजार तरुणांमागे साधारण एक जण दगावत होता. हेच प्रमाण ५५ व्या वर्षी हजारात चार, ६५ व्या वर्षी हजारात चौदा आणि ७५ व्या वर्षी शंभरात चार ते पाच इतके वाढत होते. डोस मोजके असतात तेव्हा हा उतार डोळ्यांआड करता येत नाही. जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे सेवेतील एकही शिक्षक साठीपुढचा नसतो. ‘सर्व शिक्षक पहिल्या टप्प्यात’ या मागणीचा सरळ अर्थ असा होतो की नुकताच रुजू झालेला २६ वर्षांचा शिक्षणसेवक तुमच्या सासूबाईंच्या आधी. हे वाक्य बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. मला वाटत नाही की तुमच्या सहकाऱ्यांपैकी कोणी त्याचे समर्थन करील. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानभूमीकडे नेल्याची बातमी देशभर गेली होती. त्या दिवसांत आपल्या भागात खाटा, ऑक्सिजन आणि लस या तिन्हींसाठी माणसे वणवण फिरत होती. तेव्हा वाचलेला प्रत्येक डोस आधी कोणाच्या दंडात जायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ब्रिटनने तर हाच निकष शेवटपर्यंत लावला. तेथील लसीकरणविषयक तज्ज्ञ समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये व्यवसायानुसार याद्या करण्याचे नाकारले आणि वयाच्या उतरत्या क्रमानेच पुढे जाण्याची शिफारस केली, कारण वयाची यादी सोपी असते आणि वेगाने पुढे सरकते. इंग्लंडच्या मृत्युनोंदींतही त्या वेळी शिक्षकांचा कोरोना-मृत्युदर त्याच वयाच्या इतर लोकांपेक्षा लक्षणीय जास्त आढळला नव्हता. तुमच्या संघटनेतील कोणी ‘शिक्षकांना धोका सर्वांत जास्त’ असे म्हणाले, तर एवढे मोठे विधान निवेदनात घालू नका. पहिला जाणता अधिकारीच ते खोडून काढील आणि त्यासोबत तुमची रास्त मागणीही बाजूला पडेल.

रास्त मागणी आहे, आणि ती दोन भक्कम पायांवर उभी आहे. पहिला पाय शाळेबाहेरच्या ड्युटीचा. २०२० च्या उन्हाळ्यापासून राज्यातील शिक्षकांनी काय काय केले, हे तुम्हाला मी सांगायला नको: जिल्ह्याच्या सीमेवरील तपासणी नाके, विलगीकरण कक्षात झालेल्या शाळांवरील देखरेख, रेशन दुकानांवरील नियंत्रण, बाधितांच्या संपर्कातील लोकांचा शोध, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतील घरोघरचे सर्वेक्षण. राज्यात ग्रामपंचायतींचे मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी झाले आणि देशात लसीकरण दुसऱ्याच दिवशी सुरू झाले. म्हणजे मतदान केंद्रांवर बसलेल्या हजारो शिक्षकांना लसीविनाच गर्दीला तोंड द्यावे लागले. त्यानंतर काही आठवड्यांतच पश्चिम बंगाल, तमिळनाडू, केरळ आणि आसाम या राज्यांच्या विधानसभा निवडणुकांसाठी निवडणूक आयोगाने ड्युटीवरील कर्मचाऱ्यांना आघाडीवरचे कर्मचारी मानून लस देण्याचे जाहीर केले. याउलट उत्तर प्रदेशात एप्रिल २०२१ मधील पंचायत निवडणुकीनंतर तेथील प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने १,६२१ शिक्षक-कर्मचारी दगावल्याचे सांगितले, सरकारने आधी फक्त तिघांचेच मृत्यू मान्य केले, आणि पुढे वाद वाढल्यावर भरपाईचे निकष बदलावे लागले. महाराष्ट्रात कोविड ड्युटीवर मृत्यू आल्यास कुटुंबाला ५० लाख रुपये देण्याचा निर्णय मे २०२० मध्ये झाला होता आणि तो आवश्यकच होता. तरी मृत्यूनंतरच्या रकमेपेक्षा ड्युटीपूर्वीची लस कितीतरी स्वस्त आणि माणुसकीची असते. म्हणून ज्या शिक्षकाच्या हाती सरकार ड्युटीचा आदेश देते, त्याला वय न पाहता, आणि आदेश लागू होण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी, लस मिळालीच पाहिजे. लस दंडात गेली आणि त्याच संध्याकाळी नाक्यावर उभे केले, तर तिचा उपयोग नाही, कारण शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढे दिवस लागतात.

दुसरा पाय शाळेचा आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. राज्याच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० मध्ये बंद झाले ते १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. वीस महिन्यांहून अधिक काळ! ज्या मुलीने पहिलीत नुकतीच बाराखडी गिरवायला घेतली होती, ती शाळेत परतली तेव्हा थेट तिसरीच्या वर्गात बसली. देशातील ग्रामीण भागाचे ‘असर’ सर्वेक्षण सांगते की दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. हे तर देशाचे झाले; तुमच्या गावात शाळा बंद होण्याचा अर्थ आणखी कठोर असतो. शाळा उघडी असली, हंगामी वसतिगृह चालू असले, की मूल आजीजवळ गावात राहते आणि आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे जातात. शाळाच बंद असेल तर मुलाला मागे कशासाठी ठेवायचे? ते बैलगाडीत बसते, फडात धाकट्या भावंडाला सांभाळते, थोडे मोठे झाले की मोळ्या बांधू लागते. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे राज्यात महामारी पोहोचण्यापूर्वीच घेतलेल्या माहितीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के होते, तर बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. इतक्या नाजूक कड्यावर उभ्या असलेल्या मुलींच्या पायाखालून शाळा काढून घेणे म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यात बसून कळत नाही. तुमच्या शाळेत बहुतेक मुलांच्या घरी मोबाइल एकच, आणि तोही वडिलांच्या खिशात कारखान्यावर. अशा ठिकाणी ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे वाक्य कागदावरच राहिले. अनेक शिक्षकांनी ओट्यावर, देवळाच्या मंडपात पाच-पाच मुले बसवून शिकवले. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी ती रोजची शाळा नव्हती आणि तिथे खिचडीही नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या अखेरीस देशांसाठी जो प्राधान्यक्रमाचा आराखडा दिला, त्यात शिक्षकांचा विचार याच अंगाने केलेला आहे. अगदी मोजके डोस असताना आरोग्य कर्मचारी आणि वृद्ध; लोकसंख्येच्या अकरा ते वीस टक्क्यांना पुरेल इतका पुरवठा झाला की उरलेले वृद्ध आणि सहव्याधी असलेल्यांसोबत ‘उच्च प्राधान्याचे’ शिक्षक व शाळा कर्मचारी; आणि त्यानंतरच्या टप्प्यात बाकीचे शिक्षक. उच्च प्राधान्याचे म्हणजे कोण, याचे उदाहरण देताना बालवाडी व प्राथमिकचे शिक्षक आणि जिथे दूरस्थ शिक्षण जवळजवळ अशक्य आहे अशा मुलांचे शिक्षक, असा उल्लेख आहे. म्हणजे बाई, तुमचीच शाळा. युनेस्कोने डिसेंबर २०२० मध्ये शिक्षकांना प्राधान्य द्यावे असे आवाहन केले होते. युनिसेफनेही त्याच महिन्यात आरोग्य कर्मचारी आणि जास्त धोका असलेले लोक यांच्यानंतर शिक्षकांना घ्यावे असे म्हटले. तुमच्या संघटनेने हे ‘नंतर’ गाळले आहे. तेवढे परत घाला, म्हणजे तुमची मागणी जगातल्या सर्वांत मान्यताप्राप्त भूमिकेशी जुळेल आणि ती कोणालाही स्वार्थाची म्हणता येणार नाही.

लस नेमकी कधी द्यायची, याकडे निवेदनात कोणीच लक्ष दिलेले दिसत नाही. मला मात्र सगळ्यात मोठी चूक तिथेच झाल्याचे दिसते. केंद्र सरकारने शिक्षकांसाठी दोन कोटींहून अधिक जादा डोस देण्याचे जाहीर केले ते २०२१ च्या ऑगस्टअखेर, ५ सप्टेंबरच्या शिक्षकदिनापूर्वी सर्व शिक्षकांना लस मिळावी म्हणून. हेतू चांगला होता. पण कोविशील्डच्या दोन डोसमधील अंतर मे महिन्यातच १२ ते १६ आठवडे झाले होते. म्हणजे ज्या तरुण शिक्षकाने पहिला डोस ५ सप्टेंबरला घेतला, त्याचा दुसरा डोस लवकरात लवकर २८ नोव्हेंबरला येत होता, आणि राज्यातील ग्रामीण शाळांचे पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबरलाच उघडले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी २ मार्च २०२१ रोजी मार्चअखेर प्रत्येक शिक्षकाला किमान एक डोस देण्याचे आवाहन केले. चिलीने तर शाळा मार्चमध्ये सुरू होणार म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासूनच शिक्षकांना लस द्यायला घेतली. आपल्याकडे जूनचे शैक्षणिक वर्ष डोळ्यांपुढे ठेवून एप्रिल-मेमध्ये प्राथमिकच्या ४५ वर्षांखालील शिक्षकांना घेता आले असते का? तेव्हा लसच नव्हती, हे खरे आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याला १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवून ते डोस ४५ वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या मात्रेसाठी वळवावे लागले होते, आणि तो निर्णय योग्यच होता. परंतु २१ जूनपासून पुरवठा सुधारल्यावर जुलैमध्ये तरी शिक्षकांचा क्रम लावता आला असता. शाळा उघडण्याची तारीख आधी ठरवायची, दोन डोसमधील अंतर तिच्यातून वजा करायचे आणि शिक्षकांचा पहिला डोस त्या दिवशी सुरू करायचा, एवढे वाक्य निवेदनात असले तरी ते आजच्या मसुद्यापेक्षा जास्त कामाचे ठरेल.

इथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. लसीची मागणी शाळा बंद ठेवण्याचे कारण होऊ देऊ नका. डेन्मार्कने लहान मुलांच्या शाळा १५ एप्रिल २०२० रोजीच उघडल्या होत्या. तेव्हा जगात कुठेच लस नव्हती. लसीने शिक्षकाचा गंभीर आजारापासून उत्तम बचाव होतो, संसर्गाला मात्र ती पूर्ण अटकाव करत नाही, हे डेल्टा आणि ओमिक्रॉनने दाखवून दिले. ‘शंभर टक्के शिक्षकांना दोन डोस झाल्याशिवाय शाळा नाही’ अशी भाषा निवेदनात आली, तर उद्या चार शिक्षकांनी लस नाकारली म्हणून चाळीस मुले घरी बसतील. खिडक्या उघड्या ठेवणे, ओट्यावर वर्ग भरवणे आणि तालुक्याहून ये-जा करणाऱ्या पाच-सहा शिक्षकांनी काचा बंद करून एका गाडीत दाटीने न बसणे, या गोष्टी लस येण्यापूर्वीही करता येतात आणि आल्यावरही सोडायच्या नसतात.

आता मावशींकडे येते. शाळेत रोज कोणाकोणाचा वावर असतो, हे मोजायला बसलो की शिक्षक हा त्यातला एक भाग निघतो. स्वयंपाकी, मदतनीस, हंगामी वसतिगृहात मुलांना सांभाळणारी बाई, विनाअनुदानित शाळेतील तुटपुंज्या पगारावरचा शिक्षक, मुलांची ने-आण करणारा चालक. अंगणवाडी सेविकांना २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसोबत घेतले गेले, ते बरेच झाले. त्याच आवारात चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला मात्र कोणी विचारले नाही. त्या काळात तिला महिन्याला दीड हजार रुपये मानधन मिळत होते. आजारपणाचा खर्च तर दूरच, आजारपणाची रजासुद्धा तिला नव्हती. शिक्षकाला पगार चालू राहून घरी झोपता आले, तिला पातेले सोडून झोपता आले नाही. माझ्या मते शाळेतील प्राधान्यक्रमात, वय समान असल्यास, तिचे नाव तुमच्या वर असावे. संघटना शिक्षकांची आहे, स्वयंपाकींची नाही, असे कोणी म्हणेल. त्यावर तुम्ही शांतपणे विचारा की खिचडी शिजवणारी बाई अंथरुणाला खिळली, तर तुमची शाळा दुपारी किती वाजेपर्यंत चालते.

दिरांच्या बोलण्याचा राग धरू नका. त्यांचे वाक्य बोचरे असले तरी त्यात एक पाहिलेले सत्य आहे: ज्यांच्याकडे सरकारी यादी आहे, त्यांच्यापर्यंत सरकार लवकर पोहोचते. आडत बाजारात माल घेऊन जाणारा शेतकरी, हमाल, भाजी विकणारी बाई यांनाही गर्दीतच उभे राहावे लागत होते आणि त्यांची संघटना निवेदन घेऊन तहसीलवर गेली नाही. त्यांना सांगायचे असेल तर एवढेच सांगा, की शिक्षकाची लस ही त्यांच्या मुलांच्या वर्गाची किल्ली म्हणून मागत आहोत, आणि त्या बदल्यात ठरलेल्या तारखेला वर्ग उघडण्याची हमी लेखी देत आहोत. ही हमी निवेदनात नसेल, तर दिरांचे म्हणणे खरे ठरते.

म्हणून मसुद्याची पहिली ओळच बदलून घ्या. ‘आरोग्य कर्मचारी, साठ वर्षांवरील नागरिक आणि गंभीर सहव्याधी असलेले लोक यांच्यानंतर लगेच’ अशी सुरुवात असू द्या. दूरच्या वस्त्यांवरील वृद्धांना घरपोच किंवा गावातच लस देण्याची मागणीही त्याच ओळीत जोडा. त्यानंतर ड्युटीचा परिच्छेद, ज्यात लसीशिवाय कोणत्याही शिक्षकाला सर्वेक्षण, नाका किंवा मतदान केंद्राचा आदेश देऊ नये असे स्पष्ट म्हटलेले असेल. मग शाळेचा परिच्छेद: पहिली ते चौथी, ऊसतोड मजुरांच्या गावांतील शाळा आणि हंगामी वसतिगृहे आधी, माध्यमिक व महाविद्यालये नंतर; ‘शिक्षक’ या शब्दाऐवजी ‘शाळेत नियमित काम करणाऱ्या सर्व व्यक्ती’; आणि पहिल्या डोसची तारीख शाळा उघडण्याच्या तारखेवरून मागे मोजलेली. शेवटी शिक्षकांची हमी. ‘राष्ट्राचे शिल्पकार’ वगैरे विशेषणे काढून टाकली तर एका पानात हे सगळे बसते.

बैठकीआधी दोन-तीन सहकाऱ्यांशी, विशेषतः ज्यांच्या घरात त्या वर्षी कोणी वडीलधारे माणूस गेले त्यांच्याशी, निवांत बोलून घ्या. एकट्याने उभे राहण्यापेक्षा तिघांनी मिळून दुरुस्ती मांडली की ती विरोध वाटत नाही. अध्यक्षांना आदल्या दिवशीच दुरुस्त मसुदा वाचायला द्या, म्हणजे भर सभेत त्यांना आडवे गेल्यासारखे होणार नाही. तरीही जुनाच मसुदा पुढे रेटला गेला, तर सही न करण्याचे कारण दोन ओळींत लिहून संघटनेला द्या, आणि तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीत हाच दुरुस्त मजकूर ठराव म्हणून मांडा. समितीत पालक आहेत, त्यामुळे त्या ठरावाला संघटनेच्या निवेदनापेक्षा वेगळे वजन राहील. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि दुसरी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या, कारण लसीकरणाच्या याद्या आरोग्य विभागाकडून जातात आणि शिक्षण विभागाला त्या बऱ्याचदा नंतर कळतात. दोन्हीकडून पोच घ्यायला विसरू नका.